साहेबांची तारीख आणि सुरेखाचे गुडघे

जुन्नरला जाऊन आलेला माणूस शिवनेरीबद्दल बोलतो, लेण्यांबद्दल बोलतो, फार तर नाणेघाटातल्या वाऱ्याबद्दल. मी सहा दिवस जाऊन आले आणि यातलं काहीही पाहिलं नाही. मी एक ट्रॅम्पोलीन पाहिलं, तेही निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं. परत येऊन महिना झाला, तरी ती ताडपत्री आठवली की माझं डोकं फिरतं. घरच्यांना ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की आता मी तोंड उघडलं की ते उठून जातात, म्हणून लिहायला बसले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ट्रॅम्पोलीन म्हणजे पोरांनी उड्या मारायची जाळी, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण जन्मापासून ज्यांचे हातपाय आखडलेले आहेत अशा माणसांना त्यावर झोपवायचं, आपण त्यांच्याजवळ उभं राहून पायांनी जाळी हळूहळू खालीवर करायची, असा एक व्यायाम असतो. त्यात कोणी उडत नाही. त्या लयीत अंग सैल पडतं, मुठी उघडतात. मग बसवायचं, तोल शिकवायचा. सतरंजीवर महिनोन्‌महिने जे होत नाही ते यावर कधी कधी अर्ध्या तासात होतं. अट एकच, ते दर आठवड्याला व्हायला हवं. थांबलात की स्नायू पुन्हा ताठ होतात आणि आधीचं सगळं पाण्यात जातं.

पिंपळवंडी

पिंपळवंडीतल्या एका संस्थेकडे असं ट्रॅम्पोलीन आहे. कांदा साठवायच्या चाळीला लागून त्यांचा हॉल आहे. गेल्या पावसाळ्यात मीच ते बसवून घेतलं होतं आणि तिथल्या संगीताला आठवडाभर शिकवलं होतं. संगीता ही तिथली एकमेव पगारी बाई. झाडण्यापासून व्यायाम घेण्यापर्यंत सगळं तीच करते. या वेळी तिचं काम कसं चाललंय ते बघायला आणि पुढचं थोडं शिकवायला मी गेले होते.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि थांबले. सतरंजीवर सहा माणसं आडवी पडलेली, आणि त्यांच्या मधोमध निळ्या ताडपत्रीत बांधलेलं ते धूड. त्याच्या चारही बाजूंनी लाल साटीनची फीत, समोर मोठं फूल. खिडकीच्या बाजूची फीत उन्हाने गुलाबी झाली होती.

"बघा मॅडम, कसं जपलंय," संस्थेचे अध्यक्ष अण्णा म्हणाले. "कणभर धूळ बसू दिली नाय."

"हे बंद का आहे?"

"बंद कुठंय? उद्घाटन व्हायचंय. साहेबांच्या हस्ते."

"कधी?"

"तारीख मिळंना. दिवाळीला येणार व्हते. मग अधिवेशन लागलं, मग लग्नसराई. मोठ्या माणसांचं असंच असतंय, राव."

भिंतीशी ग्रॅनाइटची एक पाटी टेकवून ठेवली होती. 'शुभहस्ते' खाली साहेबांचं नाव कोरलेलं, तारखेची जागा कोरी. श्रावणापासून दिवाळीपर्यंत वापरलेली वस्तू साहेबांनी होकार दिल्यावर यांनी धुऊन पुसून, नवी दिसेल अशी करून बांधून ठेवली होती. दिवाळीपासून आता चैत्र लागला. मी विचारलं, मग मधल्या काळात वापरायला काय हरकत होती? अण्णांनी माझ्याकडे समजुतीने पाहिलं. "वापरलेल्याचं उद्घाटन कसं करायचं, मॅडम? साहेबांचा अपमान न्हाई का तो?"

संगीता दाराशी उभी होती. तिने मान वर केली नाही.

दुपारी अण्णांच्या घरी जेवण होतं. मासवडी केली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसणीचं सारण भरून वळकटी करतात, वड्या कापतात आणि तिखटजाळ रश्शाबरोबर बाजरीची भाकरी देतात. अण्णांच्या बायकोने ती अशी केली होती की मला रागावताच येईना. तीन वेळा रस्सा घेतला. चौथ्या वेळी मी म्हणाले, "अण्णा, साहेब आलेच नाहीत तर?" ते म्हणाले, "येत्याल की. तुमी जेवा."

अण्णा वाईट माणूस नाही, हेच तर अवघड आहे. लुच्चा असता तर भांडता आलं असतं. हा माणूस स्वतःची जागा देतो, पेशंटना आणायला स्वतःची गाडी पाठवतो. पण नवी वस्तू मोठ्या माणसाचा हात लागल्याशिवाय वापरायची नाही, हे त्याच्या इतकं हाडीमाशी खिळलेलं आहे की त्यात कोणाचं नुकसान होतंय हे त्याला दिसतच नाही. आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? आमच्या पुण्याच्या सोसायटीतली लिफ्ट चार महिने एका पुढाऱ्याची वाट बघत उभी होती. चौथ्या मजल्यावरचे काका कुबड्या घेऊन जिने चढायचे. मी त्यांची पिशवी धरायचे आणि गप्प बसायचे.

येडगाव

मुक्काम संगीताच्या घरी, येडगावला होता. अंगणातून धरणाचं पाणी दिसतं आणि मागे उसाचं रान आहे. पहाटे मी सवयीने फिरायला निघाले, बुटाची नाडी सुटली म्हणून बांधावर वाकले, तर मागून संगीता किंचाळत आली.

"मॅडम, खाली वाकू नका. उठा आधी."

या भागात बिबट्या उसात राहतो आणि वाकलेलं माणूस त्याला बकरीएवढं दिसतं, हे मला तेव्हा कळलं. इथल्या बायका अंधारात घराबाहेर जाताना मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतात. पुण्यात आम्ही पहाटेच्या शांततेसाठी फिरायला जातो, इथे शांततेलाच घाबरतात.

चहा पिताना संगीता बोलती झाली. "मॅडम, सुरेखा येत नाय आता."

सुरेखा मढची. तिशीची बाई, जन्मापासून दोन्ही पाय आणि उजवा हात आखडलेला. पावसाळ्यात भाऊ तिला दर गुरुवारी घेऊन यायचा. तीन महिन्यांत ती आधाराशिवाय बसायला लागली होती आणि डाव्या हाताने स्वतःचं जेवायला लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा. संगीताने मला तेव्हा फोटो पाठवला होता, त्यात सुरेखाच्या हनुवटीला वरण लागलेलं होतं आणि ती कॅमेऱ्याकडे अशी बघत होती की जणू कोणी ताट ओढून नेईल.

"आता?"

"आता आई भरवती परत. गुडघे वर आल्यात. बसवलं की मागं पडती."

मी कप खाली ठेवला. पिंपळवंडीचं काम अर्ध्यावर टाकून मढला जायचं ठरवलं.

मढ

ओतूर मागे पडलं की जमिनीचा रंग बदलतो. द्राक्षं, डाळिंबं, टोमॅटोचे मांडव संपतात आणि डोंगर जवळ यायला लागतात. भाताच्या खाचरांत राब भाजायचं काम चाललं होतं. पालापाचोळा, शेण, माती थरांनी पसरून पेटवतात, म्हणजे पुढे त्या जागी रोपं जोमाने येतात. जिकडेतिकडे धूर होता आणि उन्हात त्याचा वास घरांच्या भिंतींना लागला होता.

सुरेखाचा भाऊ दशरथ राबावरूनच हातात विळा घेऊन आला. आई हिराबाई दारात होती. सुरेखा आत पोत्यावर कुशीवर पडलेली. तिचं बोलणं हळू आणि ओढून येतं, पण थांबून ऐकलं तर सगळं कळतं.

"मॅडम," ती म्हणाली, "फीत... कापली का?"

"नाही."

"मला वाटलं... मलाच बोलवना झाले."

म्हणजे सहा महिने ही बाई समजत होती की जाळी चालू आहे आणि आपल्याला वगळलंय. दिवाळीला फीत बांधली एवढं तिला माहीत होतं, पुढचं कोणी तिला सांगितलंच नव्हतं. मी गुडघे तपासले. पावसाळ्यात जे पाय सरळ व्हायचे ते आता उकिडवं बसल्यासारखे घट्ट झाले होते. आणखी सहा महिने असेच गेले तर ते शस्त्रक्रियेशिवाय सुटणार नाहीत, आणि ती करायला हे घर कुठे जाणार? मी हे तिच्या आईला सांगत होते, तर सुरेखा म्हणाली, "मला सांगा." मला लाज वाटली. मग तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चला मग."

हिराबाईने नाचणीची भाकरी आणि वाळकाची भाजी केली. लेकीला भरवताना ती एकेक घास बोटाने चाचपून बघत होती. सुरेखा मात्र डोळे मिटून जेवली. लहानपणापासून भरवून घेतलं तेव्हा ती बघत जेवायची, हिराबाई म्हणाली, स्वतःच्या हातानं खाऊन परत भरवायची पाळी आली तशी डोळे मिटायला लागली.

पुन्हा पिंपळवंडी

दुसऱ्या दिवशी दशरथने पिकअपमध्ये गादी टाकली आणि तो, हिराबाई आणि मी सुरेखाला घेऊन हॉलवर गेलो. मी पाहिलं, ताडपत्रीला कुलूपही नव्हतं. फक्त ती फीत होती.

अण्णा धावत आले. मी म्हटलं, ही बघा, हिचे गुडघे बघा, अर्धा तास द्या, मी स्वतः पुन्हा गुंडाळून देते. अण्णा खरोखर हळहळले. त्यांनी तिथेच साहेबांच्या पीएला फोन लावला. बोलून झाल्यावर चेहरा उजळला होता. "मॅडम, महिन्याअखेर बघू म्हणत्यात. आन सुरेखाला त्या दिवशी ठेवाच म्हणले. नवी साडी नेसवू. साहेबांच्या म्होरं जाळीवर बसवू."

"मी काय... बाजारातली गाय का?" सुरेखा म्हणाली. "म्होरं बांधायला?"

अण्णांना ते कळलंच नाही, की न कळल्यासारखं केलं, देव जाणे. मी त्यांना जे जे बोलले ते इथे लिहीत नाही. हॉलमधली सगळी माणसं ऐकत होती आणि बाहेर चाळीतले गडीसुद्धा कांदा निवडायचे थांबले होते. पण एवढं ओरडूनही मी त्या फितीला हात लावला नाही. हात पुढे केला, तेवढ्यात संगीता हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी उद्या जाल. मला हितंच राहायचंय." मी हात मागे घेतला. हे बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

परत नेताना ओतूरला दशरथने उसाचा रस पाजला. मग तो म्हणाला, "परवा माझ्या सासुरवाडीला यात्रा हाय, घोडेगावाकडं. तिकडं जत्रंत असली जाळी येती. पोरं उड्या मारत्यात ती. चालंल का?"

मी आधी नाहीच म्हटलं. रात्री झोपून उठले आणि हो म्हटलं.

घोडेगावच्या अलीकडे

आंबेगाव तालुक्यातल्या गावांची यात्रा म्हणजे पाव्हण्यांचा पूर असतो. दशरथच्या सासरी पहाटेपासून चुली पेटलेल्या होत्या, ओळखपाळख नसलेली माणसं येऊन जेवून जात होती आणि कोण कोणाचं, हे कोणी विचारत नव्हतं. पुण्यात पाहुणा येणार म्हटलं की आधी फोन करून येतो. इथे न आलेल्या पाहुण्याचा राग धरतात. मला एका मावशीने हाताला धरून पंगतीत बसवलं आणि मी कोण हे तिला माझं जेवण झाल्यावर विचारावंसं वाटलं.

दुपारी बैलगाड्यांची शर्यत. तिचा घाट, म्हणजे बैल पळवायची उतरती वाट, गावाबाहेर, म्हणून बाराच्या सुमाराला सगळी जत्रा रिकामी झाली. पाळणे थांबलेले, खेळणीवाले छत्रीखाली पेंगलेले. दशरथला घाटाकडे जायचं होतं, त्याच्या मेव्हण्याचे बैल पळणार होते. तिकडून लाउडस्पीकरचा आवाज आला की त्याचे कान टवकारायचे. पण तो गेला नाही.

जाळीची मालकीण शोभा, नगरकडची. जाळीखाली सावलीत बसून ती कोबी चिरत होती. मी सगळं समजावलं. तिने सुरेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चढवा की. त्यात इचारायचं काय? धा गावची पोरं नाचली हिच्यावर, कुणी फीत कापली न्हाई."

मी मात्र कसून तपासणी केली. चार स्प्रिंगा गेलेल्या, त्यांच्या जागी ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधलेल्या. त्या काढायला लावून तिच्याकडच्या सुट्या स्प्रिंगा बसवल्या. लोखंडी कडेला तिच्या तंबूतल्या आणि दशरथच्या सासरच्या मिळून सहा गोधड्या घातल्या. हे वाचून कोणी आपल्या माणसाला जत्रेतल्या जाळीवर नेऊ नये. मी तीस वर्षं हेच काम करते, तरीही एकेक स्प्रिंग दोनदा ओढून पाहिली.

सुरेखाला मधोमध निजवलं. पहिल्यांदा तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहावं लागतं, म्हणजे जाळी सारखी हलते. मी एक पाय पलीकडे टाकला आणि हिराबाई पुढे आली.

"बाई, पोरीला वलांडू नका. वाढ खुंटती."

तिशीच्या बाईची कसली वाढ, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सुरेखाने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मी विचारलं, मग काय करू? हिराबाई म्हणाली, "वलांडलं की माघारी वलांडायचं. मग दोष नाय." म्हणून मी पाय टाकला, काम झालं की त्याच बाजूने परत काढला, आणि दर वेळी हिराबाई मान हलवून मोजत राहिली. लहानपणी आमच्याकडेही हे होतं, मीच विसरले होते.

सुरुवातीला काहीच होईना. पाय लाकडासारखे. मी फक्त टाचांनी जाळी दाबत राहिले, सोडत राहिले. वर ताणलेल्या कापडातून ऊन गळत होतं. मग आधी तिचा जबडा सैल झाला. मग उजवी मूठ उघडली. बऱ्याच वेळाने उजवी टाच गोधडीला लागली, आणि दशरथ एकदम तोंड फिरवून शर्यतीच्या दिशेला बघायला लागला. मग मी तिला बसवलं, मागे बसून धरलं, जाळी हलवत राहिले आणि हळूहळू हात काढले.

ती बसली. डुलत होती, पण बसली.

"शेव," सुरेखा म्हणाली.

शोभाने कागदावर गोडीशेव आणली. सुरेखाने डाव्या हाताने एक कांडी उचलली, पडली, दुसरी उचलली, ती तोंडात गेली. हिराबाई सवयीने पुढे सरकली, तर सुरेखाने तिचा हात कोपराने ढकलला. पूर्ण कागद तिने संपवला. निम्मी शेव जाळीवर सांडली होती. शर्यतीहून परतणारी माणसं एव्हाना जमली होती आणि कोणीतरी मोबाइल वर धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या आधी तिने दोन्ही हातांत कप धरून चहा घेतला. गुडघे पुन्हा थोडे वर आले होते. "आता परत... कवा?" तिने विचारलं. शोभाची जाळी पहाटेच पुढच्या गावाला गेली होती. मी पिशवी उचलली.

मंचरच्या एसटी स्टँडवर अण्णांचा फोन आला. व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. "मॅडम, लई भारी. पीएसाहेबांना पाठवला. आता तर तारीख नक्की मिळणार." मी फोन बंद केला. शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं? सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या गावात स्मशानभूमीची शेड अशीच थांबली आहे.

घरी

पुढच्या गुरुवारी संगीताचा फोन आला. आवाज इतका हळू होता की मला वाटलं तिची नोकरी गेली.

हिराबाई आली होती. लेकीला पिकअपमध्ये घालून, ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी. तिने अण्णांना विचारलं, "उद्घाटन म्हंजी नारळ फोडायचा, एवढंच ना?" अण्णा म्हणाले, आजी, साहेबांची तारीख. ती म्हणाली, "तुमच्या साहेबांना सवड न्हाई. मला हाय." पिशवीतून विळा काढून तिने फीत कापली. ताडपत्री सोडली, जाळीच्या चारही पायांना हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडायला दगड शोधला. जवळ दुसरा नव्हता म्हणून ग्रॅनाइटच्या पाटीवर फोडला. पहिला तुकडा अण्णांना दिला. प्रसाद परत कोण करणार? अण्णांनी तो खाल्ला, आणि ते खात होते तोवर दशरथने सुरेखाला वर चढवलं होतं.

मला वाटलं, सुटलं. तर शुक्रवारी अण्णांनी ताडपत्री घालून नवी फीत बांधली. साहेबांना कळता कामा नये, एवढंच ते संगीताला म्हणाले.

पुढच्या गुरुवारी हिराबाई पुन्हा नारळ घेऊन आली. त्याच्या पुढच्याही. आता म्हणे बाकीचे पाच-सहा जणही तिच्या येण्याची वाट बघत दारात थांबलेले असतात. साटीन संपल्यामुळे अण्णा सुतळी बांधतात. सुरेखा सकाळची भाकरी स्वतःच्या हाताने खाते. रात्रीपर्यंत हात पुरत नाही. साहेबांची तारीख अजून मिळालेली नाही.

काल मी मार्केट यार्डात जाऊन नारळांचं एक पोतं मढला पाठवून दिलं.